सर विश्वेश्वरय्या आणि नीरेच्या पाण्याची पार्टिशन्स

१५ सप्टेंबर म्हणजे इंजिनीअर्स डे. त्या दिवशी आपल्या कॉलेजात एक फोटो कपाटातून निघतो, पुसला जातो आणि टेबलावर उभा राहतो. कोट, टाय, डोक्यावर म्हैसुरी फेटा आणि नजर अशी, की आपलं जर्नल अजून अपुरं आहे हे त्यांना कळलंय. हार पडतो, भाषण होतं. भाषणात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक सरकारी आणि खासगी मेणबत्तीची, दुसरी रेल्वेत बसल्या बसल्या पुढचा रूळ तुटल्याचं ओळखण्याची. त्या सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून इथे घेत नाही. पण विश्वेश्वरय्यांनी आपल्याच जिल्ह्यात, बारामती-इंदापूरच्या कॅनॉलवर काय केलं हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. मला ते कळलं हार्ड डिस्कमुळे.

निरवांगीला माझ्या मामाचं घर आहे. इंदापूर तालुक्यातलं, नीरा नदीच्या बाजूचं गाव, आणि नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातलं. तिथल्या भाषेत टेल. मामाकडचा जुना डेस्कटॉप घरचा सर्व्हर करायचा असं मी आणि मामेभावाने गेल्या सुट्टीत ठरवलं. गोठ्यावरच्या आणि मोटारीवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, सातबारा आणि कारखान्याच्या पावत्यांचे स्कॅन, भावाच्या क्लासचे व्हिडिओ, सगळं एकाच ठिकाणी. डिस्क १ टीबीची. लिनक्स टाकताना इन्स्टॉलर विचारतो की सगळी डिस्क एकच पार्टिशन करू का. हो म्हटलं की पाच मिनिटांत काम होतं. आम्ही हो म्हटलं नाही आणि कागद-पेन घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरला तर दिवसाला २१ जीबीच्या वर जातो. दोन कॅमेऱ्यांचे ४३. म्हणजे बाकी काहीही न ठेवता १ टीबी डिस्क तेवीस दिवसांत गच्च. एकच पार्टिशन असेल तर चोविसाव्या दिवशी आजीचे फोटो सेव्ह होणार नाहीत, डेटाबेस लिहायचं नाकारेल, लॉग लिहायला जागा उरली नाही म्हणून एकेक सर्व्हिस बंद पडेल. दोष कोणाचाच नाही. कॅमेरा आपलं काम इमानाने करतोय. फक्त तो सगळ्यात आधी उठतो आणि सगळ्यात जास्त खातो. म्हणून त्याला कुंपण घालायचं. ४५० जीबी रेकॉर्डिंगला, त्यात जुनं पुसून नवं लिहायचं. होमला २५०, रूटला ५०, लॉग आणि डेटाबेस जिथे राहतात त्या व्हारला ४०, स्वॅपला ८. उरलेले साधारण २०० जीबी कोणालाच द्यायचे नाहीत, एलव्हीएममध्ये राखून ठेवायचे.

मामा चहा घेत हे ऐकत होता. चांगल्या अख्ख्या डिस्कचे तुकडे का करताय, असं त्याने आधी विचारलं. समजावल्यावर म्हणाला की हे तर कॅनॉलच्या ब्लॉकसारखं झालं, आणि ते ब्लॉक तुमच्या त्या फेटेवाल्या इंजिनीअरने पाडले होते. मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात विश्वेश्वरय्या म्हणजे वृंदावन गार्डनच्या फोटोखालच्या दोन ओळी. त्यामुळे हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत जाऊन नीट वाचलं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या चिकबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार, पण घरात पैसा नव्हता आणि वडील लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना ते शिकवण्या करून राहात. १८८१ ला बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे नंतरच्या सीओईपीत. १८८३ ला परीक्षेत पहिले आले आणि १८८४ ला मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनीअर म्हणून रुजू झाले. नाशिक, मग खानदेश. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑन कॅम्पस प्लेसमेंट, पण पोस्टिंग आडगावात आणि हाताशी घोडा.

धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याचा सायफन पाइप नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच पांझरा-मोसम नद्यांच्या खोऱ्यात पूर्वापार फड पद्धत चालत आली होती. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटायची, एका फडात एकच पीक, पुढच्या वर्षी पिकं फिरवायची, आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचं, शेतमालकाने स्वतः घ्यायचं नाही. कोणत्याही कॉलेजात न गेलेल्या माणसांनी आखलेली ही वाटणी, आणि नोकरीची पहिली वर्षं विश्वेश्वरय्या त्याच मुलखात फिरत होते.

पुढे १८९४ च्या सुमारास सिंधमधल्या सक्करच्या पाणीपुरवठ्याचं काम, मग सुरत, आणि १८९९ मध्ये पुण्याला एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्याशी त्यांचा संबंध आला. पण आपल्याला जायचंय नीरेवर.

नीरा कालवा हे दुष्काळाचं अपत्य. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी कामं म्हणून सुरुवात झाली आणि १८८५ मध्ये पाणी सुटलं. पाणी भाटघरच्या तलावातून नदीत, वीरच्या बंधाऱ्यावरून कालव्यात, आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास पुरंदर, बारामती, इंदापूर असं पूर्वेकडे. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात दोन अडचणी आल्या. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला बऱ्या पावसाच्या वर्षी कालव्याचं पाणी नको असायचं, कारण पट्टी भरावी लागे. पाणी वाया, सरकारचा खर्च अंगावर. आणि पाऊस रुसला की सगळ्यांचे अर्ज एकाच वेळी. दुसरी अडचण उसाची. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी नीरेवर येऊन उसाची शेती जमवली. कसबी माणसं, मेहनती. पण ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो आणि त्याला बारमाही पाणी लागतं. तो स्वाभाविकच वरच्या बाजूला, हेडला वाढला. हेडला जमिनी पाणथळ व्हायला लागल्या, मीठ फुटून चोपण व्हायला लागल्या, डास आणि मलेरिया आला. टेलला पाण्याची वाट बघणं.

एकच पार्टिशन असलेली डिस्क. ऊस म्हणजे सीसीटीव्ही.

विश्वेश्वरय्यांनी ऊस बंद करा असं सांगितलं नाही, हा मला त्यांच्या योजनेतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. ऊस बंद केला असता तर कालव्याचा खर्च निघाला नसता आणि शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला नसता. त्यांनी उसाला हद्द घातली. कालव्याच्या पूर्ण लांबीवर, वेगवेगळ्या गावांत, जमीन आणि निचरा पाहून सलग तुकडे आखायचे, ते ब्लॉक. ब्लॉकमधल्या साधारण एक तृतीयांश जमिनीवर एका वेळी ऊस, बाकी जमिनीवर हंगामी पिकं, आणि ऊस दरवर्षी पुढच्या तुकड्यात सरकवायचा. मंजुरी एका हंगामाची न देता सहा वर्षांची. म्हणजे शेतकऱ्याला खात्री की आज खत-बेण्यात पैसा घातला तर पुढच्या वर्षी पाणी नाही असं होणार नाही. सरकारलाही खात्री की पट्टी येत राहील. पाणी विखुरलेल्या वावरांना न देता सलग तुकड्याला दिल्यामुळे चाऱ्यांमध्ये मुरून जाणारं पाणीही वाचणार. १९०१ ते १९०३ या काळात देशभर फिरलेल्या सिंचन आयोगाच्या वेळी दख्खनच्या कालव्यांचा प्रश्न ऐरणीवर होता, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत नीरेवर ब्लॉक पद्धत लागू झाली.

शेतकऱ्यांचा आधी विरोध झाला. होणारच. ज्याच्या वावराशेजारून पाट जातो त्याला एकदम सांगायचं की तुझा ऊस एवढाच, बाकी ज्वारी कर. हॉस्टेलच्या लॅनवर कोणी डाउनलोडला कोटा लावला तर आपण काय करतो ते आठवा. बोलणी करत, समजूत घालत पद्धत रुजली आणि पुढे दख्खनच्या इतर कालव्यांवरही गेली.

पण पार्टिशनचे नियम पार्टिशन करणाऱ्यालाही लागू असतात. पहिला नियम असा की हद्द आखल्याने मूळ जागा वाढत नाही. भाटघर रिकामं तर सगळे ब्लॉक रिकामे, जशी डिस्क गेली की पाचच्या पाच पार्टिशन्स एकदम जातात. (म्हणून वेगळं पार्टिशन म्हणजे बॅकअप असं समजणाऱ्यांनी आजच एक जादा डिस्क घ्यावी.) नीरेवर मूळ जागा वाढली ती नंतर, भाटघरला १९२८ च्या सुमारास मोठं लॉइड धरण पूर्ण झाल्यावर. दुसरा नियम असा की ज्याला कुंपण घातलं तो बाहेरून वाट काढतो. कालव्याच्या पाझराने आजूबाजूच्या विहिरी भरल्या, विहिरींवर ऊस उभा राहिला, आणि तो ब्लॉकच्या हिशेबात येत नव्हता. पुढे साखर कारखाने आले. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर. कारखाना म्हटला की ऊस लागणार. आज नीरेच्या खोऱ्यातून एस.टी.ने जाताना एक तृतीयांश ही हद्द कुठे होती हे शोधून सापडत नाही. चोपण जमिनी मात्र सापडतात. आणि टेलच्या गावांमध्ये आवर्तन सुटलं की अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, पाणी कुठपर्यंत आलं.

म्हणून ब्लॉक पद्धत फसली असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ती आखली नसती तर पाणी या टोकापर्यंत कधी आलं असतं का, हा प्रश्न टेलच्या माणसाने विचारायचा आहे, हेडच्या नाही.

त्याच सुमाराचं दुसरं काम खडकवासल्याचं, आणि ते मेकॅनिकलवाल्यांना जास्त आवडेल. तलावाची साठवण वाढवायची होती, पण भिंतीची उंची न वाढवता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की दारं आपली आपण उघडायची, पूर ओसरला की मिटायची. रात्री दोन वाजता कोणाला उठवायची गरज नाही. पाण्याची पातळी साधारण आठ फुटांनी वर ठेवता आली. हे १९०३ चं. पेटंट त्यांच्या नावावर झालं, आणि तशी दारं पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर गेली. मोटर नाही, सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही. भरलं की जुनं सोडून दे, हाच नियम आमचा कॅमेऱ्यांचा सर्व्हर पाळतो.

१९०६ मध्ये एडनला पाणीपुरवठ्याच्या कामासाठी जाऊन आल्यावर १९०८ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. वय सत्तेचाळीस. वर चीफ इंजिनीअरच्या खुर्च्या होत्या आणि त्या व्यवहारात इंग्रजांसाठीच होत्या. ज्याने पाण्याच्या हद्दी आखल्या त्याच्या स्वतःच्या बढतीची हद्द दुसऱ्याने आखली होती.

सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. शहराच्या वर दोन तलाव बांधून पूर तिथेच अडवायचा, ही त्यांची योजना, आणि त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराचं काम सुरू झालं. इथली एक गोष्ट पार्टिशन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. म्हैसूरला हवी होती १२४ फुटांची पाणीपातळी. खालच्या अंगाला मद्रास इलाखा, त्याची संमती फक्त ८० फुटांना. विश्वेश्वरय्यांनी बांधकाम ८० फुटांचं सुरू केलं, पण पाया घातला १२४ फुटांना पुरेल एवढा रुंद. एक्स्ट-फोर फाइल सिस्टीम चालू मशीनवर वाढवता येते, कमी करायची तर ती आधी उतरवावी लागते. म्हणून सुरुवातीला लहान द्या आणि पुढे जागा ठेवा. आमच्या २०० जीबीची कल्पना काही नवी नाही. मात्र मद्रासच्या शेतकऱ्याला तो रुंद पाया पाहून काय वाटलं असेल हाही विचार मनात येतो. नीरेवर टेलची बाजू घेणारा माणूस कावेरीवर हेडला बसला होता. तो वाद लवादापर्यंत गेला, १९२४ मध्ये करार झाला, आणि कावेरीचं भांडण त्यानंतरही मिटलेलं नाही.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक ऑफ म्हैसूर, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचं इंजिनीअरिंग कॉलेज, चंदनतेल, साबण. यादी मोठी आहे आणि ती भाषणात येते, म्हणून पुढे जाते. भाषणात येत नाही ती गोष्ट त्यांच्या राजीनाम्याची.

म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत तेव्हा ब्राह्मणांचं प्रमाण फार मोठं होतं, लोकसंख्येत मात्र ते थोडे होते. बाकीच्या समाजांनी वाटा मागितला. महाराज कृष्णराज वाडियार यांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हतं. नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी, आधी शिक्षण पसरवावं, असं त्यांचं मत. शिक्षण पसरवण्यासाठी त्यांनी खरंच काम केलं होतं. १९१३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच दिवाणगिरीतला. पण जागा राखून ठेवणं त्यांना पटलं नाही आणि १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. समितीने पुढे वरच्या नोकऱ्यांत निम्मा वाटा सात वर्षांत ब्राह्मणेतरांकडे जावा असं सुचवलं.

यावर आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री कितीही वाजेपर्यंत वाद होऊ शकतो, आणि होतोही. मी माझं मत लिहिते. नीरेवर टेलच्या शेतकऱ्याला त्यांनी आधी सक्षम हो, मग पाणी घे, असं सांगितलं नव्हतं. त्याच्या गावात आधी ब्लॉक आखला, पाण्याची खात्री दिली, मग तो शेतकरी बेण्या-खतात पैसा घालायला धजला. खात्री आधी आणि कुवत नंतर, हा क्रम त्यांनी स्वतः नीरेवर करून दाखवला होता. तो माणसांच्या बाबतीत त्यांना का दिसला नाही? ते नीरेवर काम करत होते त्याच काळात, २६ जुलै १९०२ ला, कोल्हापूरला शाहू महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास समाजांसाठी राखून ठेवल्या होत्या. इंजिनीअरिंगची पदवी नसताना. आमच्या फोटोला हार घालताना हेही माहीत असावं असं मला वाटतं. त्याने फोटो लहान होत नाही.

दिवाणगिरीनंतरही ते चाळीस वर्षं कामात होते. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना सावरला. १९३४ मध्ये भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, म्हणजे स्वातंत्र्य आणि पंचवार्षिक योजना दोन्ही यायच्या आधी. १९३५ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, मोटारीचा कारखाना भारतात कसा काढता येईल ते बघायला युरोप-अमेरिकेला गेले. त्या योजनेत त्यांच्या बरोबर होते वालचंद हिराचंद, ज्यांचं वालचंदनगर निरवांगीपासून जवळच आहे. कारखाना लगेच झाला नाही. १९४४ मध्ये वालचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. ज्या भिंतीची उंची न वाढवता त्यांनी तळं वाढवलं होतं, ती हीच. ते तेव्हा बंगळूरला होते, वयाच्या शंभरीत. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली गेली. तिथून निघालेला नवा मुठा उजवा कालवा आज हडपसर, दौंड असा येत येत इंदापूर तालुक्यापर्यंत पोचतो. त्याचाही टेल इंदापूरलाच आहे.